हिरवा दिवा आणि गार पितळ

डिसेंबर लागला की जव्हारला सकाळी धातूला हात लावायला नको वाटतं. नळाची तोटी, फाटकाची कडी, स्कूटीचा ब्रेक, सगळं बोटांना चावतं. लाकूड चावत नाही, माती चावत नाही. यंदा थंडी जरा उशिरा आली. पण आली त्याच सकाळी फाटकाची कडी काढताना माझ्या तोंडात आंबट चव आली. ही चिंचेची किंवा कैरीची चव नव्हे. नीट न तापलेल्या यंत्रातून काढलेल्या कॉफीची आहे. ती जिभेच्या कडांना लागते आणि पाणी प्यायलं तरी जात नाही.

तीन वर्षांपूर्वीचा एकच हिवाळा मी जव्हारबाहेर शिरपामाळकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका कॅफेत काम केलं. नाशिकला पदवी झाली होती. घरी बसून सरकारी परीक्षांचे फॉर्म भरत होते, आणि आईला माझं दिवसभर खिडकीत बसणं बघवत नव्हतं. पप्पांच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी तो कॅफे नुकताच काढला होता. सगळे त्यांना शेठ म्हणायचे, मी सर म्हणायचे. शनिवार-रविवारी नाशिक-मुंबईच्या गाड्या यायच्या, सकाळी धुकं बघायला आणि संध्याकाळी सूर्य बुडताना बघायला. काउंटरवर इंग्रजीत बोलणारी मुलगी हवी होती. मी इंग्रजी माध्यमातली म्हणून माझी निवड झाली. 'बोलणारी' या अटीकडे कुणी लक्ष दिलं नाही. घरात मराठी आणि शाळेत इंग्रजी असं वाढताना मी दोन्हीकडे गप्प बसायला शिकले होते. लोकांना ते शहाणपण वाटायचं. मीही वाटू द्यायचे.

कॉफीचं इटालियन यंत्र नाशिकच्या एका बंद पडलेल्या हॉटेलातून आलं होतं. टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली. बाहेरून चकचकीत, आत पाण्याचा मोठा बॉयलर, आणि समोर, जिथून कॉफी खाली पडते तिथे, पितळेचा एक जाडजूड गोळा पुढे आलेला. त्यात कॉफीची पूड भरलेलं हँडल अडकवून घट्ट फिरवायचं. ते फिरवायला मनगटात जोर लागतो. माझ्या मनगटात नव्हता. म्हणून शेठनी ते काम जानकीताईला दिलं. ती खरं तर आली होती भांडी घासायला आणि पाहुण्यांना नागलीच्या भाकरी थापून द्यायला.

जानकीताई पस्तिशीची असेल. मोखाड्याच्या रस्त्यावरच्या एका पाड्यावरून पहिल्या जीपने यायची. स्वेटर नाही, डोक्यावरून घट्ट गुंडाळलेला टॉवेल. दरवर्षी भाताची झोडणी उरकली, नागली घरात आली की ती नवऱ्याबरोबर भिवंडीकडे वीटभट्टीवर जायची, ती थेट पावसाच्या तोंडावर परतायची. मुलीचं नाव दरवर्षी शाळेत लागायचं आणि दरवर्षी मधेच सुटायचं. त्या वर्षी नवरा एकटा गेला. "ह्या वर्सी मी नाय जायची," हे ती जीपवाल्याला सांगायची, दूधवाल्याला सांगायची, मला तर रोज सांगायची. "पोर सातवीला हाय. आख्खं वर्स बसंल शाळंत, पहिल्यांदा. आन भट्टीवरची थंडी न्यारी, बाय. हितं थंडी दाराबाहेर ऱ्हाते. तिथं दारच नसतं, पिलास्टिक असतं."

मला ती पहिल्या दिवशी मॅडम म्हणाली, दुसऱ्या दिवशी ताई, आणि आठवड्याभरात बाय. इतक्या लवकर माझ्याशी कुणी सलगी केली नव्हती. मला ते आवडलं होतं, पण मी तसं दाखवलं नाही.

सुरुवातीचे दिवस कॉफी उत्तम व्हायची. का व्हायची, हे तेव्हा आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं. जानकीताईची जीप सातच्या सुमाराला पोचायची आणि आल्याबरोबर ती यंत्राचं बटण दाबायची. मग झाडू मारणं, टेबलं पुसणं, चूल पेटवणं. पहिली गाडी थांबेपर्यंत तास झालेला असायचा. पहिला कप काढायच्या आधी ती पितळेच्या गोळ्याला बोटांची मागची बाजू लावून बघायची, तव्याला लावतात तशी. चटका बसला की म्हणायची, "हां, आता आली जाग." बाहेर धुक्यात झाडंसुद्धा दिसत नसायची आणि आत कॉफीचा खरपूस, गोडसर वास भरलेला असायचा. मला वाटायचं, हा हिवाळा संपूच नये. मी फार गोष्टींबद्दल असं वाटून घेत नाही.

मग एका सकाळी शेठ लवकर आले. रिकामा कॅफे आणि चालू यंत्र बघून त्यांचा पारा चढला.

"ए जानकी, कुणासाठी तापवतेस हे? भुतांसाठी?"

"तापाय वेळ लागतो, शेठ."

"वेळ लागतो हे तुला कुणी सांगितलं? इटलीहून फोन आला होता?" स्वतःच्याच विनोदावर ते हसले. मग माझ्याकडे वळले. "मॅडम, ते पुस्तक आहे ना इंग्लिशमधलं? बघा बरं किती वेळ लागतो. आणि मराठीत लिहून लावून टाका इथे. म्हणजे रोजची कटकट नको."

पुस्तक जाड होतं. पहिल्याच पानावर चौकटीत ठळक अक्षरांत थोडक्यात कृती दिली होती: पाणी भरा, बटण दाबा, साधारण दहा मिनिटांत हिरवा दिवा लागेल, यंत्र तयार. शेठ समोर उभे होते. मी ते पान वाचलं आणि पुस्तक मिटलं. एका पांढऱ्या कार्डावर निळ्या शाईने, वळणदार अक्षरात लिहिलं: 'बटण दाबल्यावर दहा मिनिटांनी हिरवा दिवा लागतो. दिवा लागला की यंत्र तयार आहे. त्याआधी सुरू करून ठेवू नये.' शेवटचं वाक्य पुस्तकात नव्हतं. ते शेठचं होतं. पण अक्षर माझं होतं.

कार्डाला प्लास्टिक चढवून ते यंत्राच्या वर चिकटवलं. शेठ आल्यागेल्याला दाखवायचे, "आमच्या मॅडमनी लिहिलंय. इंग्लिश मीडियम." मी मान खाली घालून कप पुसत राहायचे. आतून मला बरं वाटायचं. हे लिहायला लाज वाटते, पण खूप बरं वाटायचं.

दुसऱ्या दिवसापासून यंत्र गाडी थांबल्यावरच सुरू व्हायचं, आणि सकाळची कॉफी बिघडली. रंगाने फिकी, वरचा फेस पातळ, चव आंबट. दहा वाजल्यानंतर तीच पूड, तेच पाणी, तोच हात, आणि कॉफी पुन्हा छान. जानकीताईला दोन दिवसांत कळलं. तिने माझा हात धरून बॉयलरच्या वरच्या पत्र्यावर ठेवला, तिथे कप गरम करायला ठेवतात. पत्रा भाजत होता. मग तोच हात पितळेच्या गोळ्यावर ठेवला. तो जेमतेम कोमट होता.

"बघ. ह्याचं पोट तापलंय, डोकं गार हाय. तुझा दिवा पोटाचा हाय, बाय."

मी म्हटलं, "पुस्तकात दहा मिनिटंच लिहिलंय."

मला आजही आठवतं, मी ते किती लगेच म्हटलं. एरवी साध्या प्रश्नालाही मला उत्तर सुचायला वेळ लागतो.

ती म्हणाली, "पुस्तक लिवणाऱ्याच्या गावाला थंडी नसंल."

त्यानंतर आठवडाभराने, एका रिकाम्या दुपारी, मी पुस्तक पुन्हा उघडलं. कुतूहल होतं की धास्ती, नक्की सांगता येणार नाही. बऱ्याच आतल्या पानावर यंत्राचं उभं कापलेलं चित्र होतं. त्यात सगळं स्वच्छ दिसत होतं. दिवा बॉयलरला जोडलेला. बॉयलर वाफेसाठी, उकळत्या पाण्याहूनही गरम. कॉफीचं पाणी बॉयलरच्या आतून जाणाऱ्या वेगळ्या बारीक नळीतून येतं, येताना तापतं, आणि मग त्या पितळेतून खाली पडतं. कॉफीला नव्वद अंशांच्या जरा वरचं पाणी लागतं. पितळ नीट तापलेलं असेल तर पाण्याची उष्णता टिकते. गार असेल तर पितळ आधी स्वतःचा वाटा काढून घेतं, आणि पुडीवर पडतं ते मरगळलेलं पाणी. जड पितळ मुद्दाम वापरलेलं असतं, कारण एकदा तापलं की ते लवकर निवत नाही, कपामागून कप सारखा येतो. पण त्याच जडपणामुळे ते तापायलाही वेळ घेतं. खाली एक ओळ होती: दिवा लागल्यानंतर हँडल अडकवून किमान अर्धा तास थांबावे, थंड खोलीत अधिक.

थंड खोलीत अधिक. म्हणजे लिहिणाऱ्याच्या गावाला थंडी होती.

मी पुस्तक मिटून काउंटरच्या खणात सर्वांत खाली ठेवलं. त्यावर पावतीपुस्तकं ठेवली. उद्या सांगू, असं ठरवलं. सरांना एकट्यात सांगू, किंवा गुपचूप नवं कार्ड लिहून लावू. मग वाटलं, नवं कार्ड बघून ते विचारतील, आधीचं चुकीचं होतं का? मला फार काही येत नव्हतं. गाणं येत नव्हतं, गप्पा मारता येत नव्हत्या, भाकरी थापता येत नव्हती. इंग्रजी वाचता येत होतं. त्यातही चूक झाली म्हटल्यावर तिथे माझं काय उरलं असतं? हा विचार मी अगदी याच शब्दांत केला नव्हता. तेव्हा मी फक्त कपबश्या पुन्हा एकदा पुसायचे.

जानकीताई आपल्या परीने मार्ग काढत राहिली. पूड न घालता नुसतंच गरम पाणी दोन-तीनदा पितळेतून सोडायची. हँडल गरम पाण्यात बुडवून ठेवायची. गिऱ्हाइकांना म्हणायची, "थोडा दम धरा, यंत्र झोपेत हाय." काही हसायचे, काही मोबाइलमधून वर न बघता म्हणायचे, "दिवा तर लागलाय, मावशी." मग शेठ आतून ओरडायचे, "अगं दे ना! मॅडमनी लिहून ठेवलंय ते आंधळ्याला पण दिसतंय."

संक्रांतीच्या आधीच्या रविवारी शेठचे मित्र सहकुटुंब आले. त्यांचं बेंगळुरूला कॉफीचंच काहीतरी काम होतं. शेठनी आदल्या दिवसापासून तयारी केली होती, रांगोळीसुद्धा काढून घेतली होती. सकाळ इतकी गार होती की काचेवर आतून पाणी साचलं होतं. गाडी थांबली, बटण दाबलं, दहा मिनिटांनी हिरवा दिवा लागला. जानकीताई म्हणाली, "शेठ, पाहुन्यांना आदी भाकर देऊ का? गरम हाय. तवर हे तापंल."

"कॉफी," शेठ म्हणाले. "आत्ता."

तिने पाणी सोडलं, पुन्हा सोडलं, तिसऱ्यांदा सोडायला लागली तेव्हा शेठनी तिचा हात बाजूला केला. कॉफी पाहुण्यांपुढे गेली. मित्रांनी एक घोट घेतला, रुमालाने ओठ टिपले आणि कप बशीत ठेवून हलकेच पुढे सरकवला. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर शेठ यंत्रापाशी आले. आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"जानकी, वाचता येतं ना तुला?"

"चवथी झाल्ये."

"मग वाच हे. मोठ्यानं."

तिने टॉवेलला हात पुसले आणि माझं कार्ड वाचायला लागली. एकेक अक्षर जुळवत. "बटण... दाब-ल्या-वर... दहा... मि-नि-टां-नी..." माझं वळणदार अक्षर तिला नीट लागत नव्हतं. 'यंत्र'पाशी ती अडली, तेव्हा शेठनी माझ्याकडे बघून स्मित केलं, जणू मी त्यांच्या बाजूची. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. खण माझ्या पोटाला लागून होता. पुस्तक काढायला चार पावतीपुस्तकं उचलायची होती, एवढंच. मी मोजली होती ती, नंतर. चारच होती.

"...सुरू करून ठेवू नये," तिने संपवलं.

"सोपं आहे की नाही? एवढं जमत नाही तर उद्यापासून येऊ नको."

ती म्हणाली, "शेठ, पोरीची शाळा सुटंल ओ."

"ते आधी कळायला पाहिजे होतं."

तिने माझ्याकडे बघितलं. विनवणी नव्हती, रागही नव्हता. मी काही म्हणते का, एवढंच ती बघत होती. मी साखरेचा डबा उघडला आणि बंद केला. तिने उरलेले कप घासले, पालथे घातले, परातीतल्या पिठावर फडकं झाकलं आणि रस्त्यावर जाऊन उभी राहिली. धुकं होतं, त्यामुळे जीप येईपर्यंत ती मला दिसलीही नाही. याचा मला तेव्हा आधार वाटला होता.

यापुढचं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. दुसऱ्या दिवसापासून यंत्र माझ्याकडे आलं. मनगटात हळूहळू जोर आला. शेठ नऊच्या आत येत नसत. मी साडेसातला पोचून बटण दाबायचे, हँडल अडकवून ठेवायचे, आणि पितळाला बोटांची मागची बाजू लावून बघायचे. दुपारी गिऱ्हाईक नसताना यंत्र जास्तच तापून कॉफी जळकी व्हायची, तेव्हा आधी थोडं पाणी सोडून द्यायचे. तेही त्याच पानावर लिहिलेलं होतं. कॉफी सुंदर व्हायची. शेठ मिटक्या मारत म्हणायचे, "बघा, शिकलेल्या माणसाचा हात वेगळाच!" कार्ड तिथेच होतं. मी ते बदललं नाही. बदलायची आता गरजच नव्हती, असं मी स्वतःला सांगितलं.

फेब्रुवारीत जीपवाल्याने आपणहून सांगितलं, जानकी पोरीला घेऊन भट्टीवर गेली. मी "बरं" म्हटलं. बरं म्हणजे काय बरं?

आता मी मोखाड्याला एका कार्यालयात डेटा भरायचं काम करते. जव्हारहून रोज जीपने जाते-येते. खिडकीशी बसते आणि डोळे मिटून घेते, म्हणजे कुणी बोलत नाही. या तीन वर्षांत शिरपामाळच्या रस्त्याला मी फिरकले नव्हते. यंदा थंडी पडली आणि ती आंबट चव सकाळी आली की दुपारपर्यंत टिकायला लागली, तेव्हा एका रविवारी गेले.

जुनं यंत्र तिथे नव्हतं. त्या जागी डब्याएवढं हलकं, काळं यंत्र होतं. शेठनी कौतुकाने दाखवलं. त्यात बॉयलर नाही. धातूच्या एका छोट्या ठोकळ्यातून नागमोडी नळी जाते, कपापुरतं पाणी जाता जाता तापतं. दोन मिनिटांत तयार. ओळीने चार कप काढले तर चौथा कोमट येतो, पण लोक त्यात सिरप घालून घेतात, कुणाला कळत नाही. मी सगळं ऐकून घेतलं आणि मग बोलले. पाठ करून गेले होते. पुस्तकात अर्धा तास लिहिला होता, मी अर्धवट वाचून कार्ड लिहिलं, नंतर कळूनही सांगितलं नाही, जानकीताईची काहीच चूक नव्हती.

शेठ मनापासून हसले. "तीन वर्षं हे घेऊन बसलीस? अगं, ते यंत्र भंगारात गेलं."

"तिचं काम गेलं त्यात, सर."

"ती काय, आज ना उद्या गेलीच असती. ही माणसं टिकत नाहीत. बस, कॉफी घे, माझ्याकडून."

मी बसले. कॉफी घेतली. नाही म्हणायला जमलं नाही. अर्धा कप प्यायल्यावर लक्षात आलं की मी त्यांना 'थँक यू' म्हटलंय.

त्याच आठवड्यात मोखाड्याच्या बाजारात ती दिसली. सुक्या मासळीच्या पाटीपाशी उकिडवी बसून सुकट निवडत होती. बारीक झालेली, हातांवर भट्टीच्या चटक्यांचे जुने डाग. मला बघून तोंडभर हसली.

"काय गं बाय! वळकलं का नाय?"

मी खाली बसले. ती म्हणाली, परवा ट्रक येणार, म्हणून हा शेवटचा बाजार. मी मुलीचं विचारलं. "तीबी येती. आता चांगले हात चालतात तिचे," ती म्हणाली, आणि सुकटीतला खडा काढून फेकला. मग मी तिला सांगितलं. शेठना सांगितलं होतं तेच, पण लहान वाक्यांत, आजूबाजूला मासळीवाल्यांचं 'वाटा घ्या, वाटा घ्या' चालू असताना.

तिचा हात सुकटीत थांबला.

"शेठ मला वाचाय लावत हुता, तवा तुला ठाव हुतं?"

"हो."

"पुस्तक कुठं हुतं?"

"खणात. माझ्यासमोरच्या."

तिने मुठीतली सुकट पाटीत परत सोडली. मग अगदी हळू, स्वतःशीच बोलावं तशी म्हणाली, "मला वाटलं, माझ्याच हाताला कळंना झालं."

मी म्हटलं, शेठना सांगून आले परवा. तिने विचारलं, काय बोलला. मी म्हटलं, शेठ हसले. तिने मान डोलावली. सुकटीची पुडी बांधून घेतली, उठली, आणि स्टँडवरच्या जीपकडे चालायला लागली. मीही मागोमाग गेले. का, ते ठाऊक नाही. ती मधल्या सीटवर खिडकीशी बसली आणि समोर बघत राहिली.

जीप भरल्याशिवाय निघत नाही. मी काचेपाशी उभी राहिले. एक बाई कोंबडी घेऊन चढली, दोन म्हातारे चढले, मागे चौघं दाटीवाटीने बसली. तिच्या शेजारची जागा तेवढी रिकामी राहिली. ड्रायव्हर बॉनेटवर थाप मारून ओरडत होता, "एक सीट, एक सीट! जव्हार, जव्हार!" मग त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. तो मला रोज नेतो.

"बसा ना ताई. जव्हारलाच ना?"

तिने मान वळवली नाही. फक्त सुकटीची पुडी शेजारच्या सीटवरून उचलून मांडीवर घेतली. जागा केली, की मासळी सांडू नये म्हणून घेतली, मला कळलं नाही.

मला जव्हारलाच जायचं होतं. मी "नाही" म्हटलं.